डाव सोडण्याची घटिका

बुद्धिबळाच्या पटावर प्रत्यक्ष मात होते ती बहुधा नवशिक्यांची. निष्णात खेळाडूंच्या डावात राजाची अखेरची कोंडी क्वचितच पाहायला मिळते. त्याआधीच, कधी दहा तर कधी वीस चाली अगोदर, दोघांपैकी एक जण घड्याळ थांबवतो, हात पुढे करतो आणि नोंदीच्या कागदावर सही करून उठतो. क्रिकेटमध्ये डावाने पराभव समोर दिसत असला तरी शेवटचा गडी बाद व्हावा लागतो. बुद्धिबळात मात्र पराभव केव्हा झाला, हे हरणाऱ्यानेच ठरवायचे असते. पंच ते सांगत नाहीत आणि प्रतिस्पर्ध्याने ते सुचवणे अशिष्टपणाचे मानले जाते.

हा निर्णय दिसतो तितका सोपा नाही. उशीर झाला तर शक्ती वाया जाते, दुसऱ्या दिवशीच्या डावासाठी लागणारी विश्रांती हुकते आणि प्रतिस्पर्ध्याच्या कौशल्याचा अनादर केल्याचा ठपका येतो. घाई झाली तर हातचा अर्धा गुण, क्वचित अख्खा गुणही निसटतो. १९०२ साली मॉन्टे कार्लोच्या स्पर्धेत ऑस्ट्रियाचा जॉर्ज मार्को हा मान्यवर खेळाडू पोपिएलविरुद्ध खेळताना आपला अडकलेला उंट आता वाचत नाही, असे समजून डाव सोडून मोकळा झाला. प्रत्यक्षात तोच उंट एका अनपेक्षित घरात सरकवला असता, तर एकाच वेळी मातेची धमकी आणि वजिरावर हल्ला होऊन मार्कोच जिंकला असता. जिंकलेला डाव सोडून देणारा म्हणून त्याचे नाव पाठ्यपुस्तकांत कायमचे जाऊन बसले.

जिंकण्याच्या कलेवर ग्रंथामागून ग्रंथ निघाले. हरण्याच्या कलेवर फारसे कोणी लिहिले नाही. त्या कलेचा अभ्यास करायचा, तर सतत हरणाऱ्याच्या चरित्रापेक्षा क्वचित हरणाऱ्याचे चरित्र अधिक उपयोगी पडते, कारण त्याचा प्रत्येक पराभव वेगळा उठून दिसतो. क्युबाचा होजे रौल कॅपाब्लांका हा असा खेळाडू होता. प्रौढ वयातील साऱ्या कारकिर्दीत, स्पर्धा आणि सामने मिळून, त्याने गमावलेल्या डावांची संख्या चाळिशीच्या आतच राहते.

हवानाचा बालक

कॅपाब्लांकाचा जन्म १९ नोव्हेंबर १८८८ रोजी हवाना येथे झाला. क्युबा तेव्हा स्पेनच्या अमलाखाली होता आणि त्याचे वडील स्पॅनिश सैन्यात अधिकारी होते. चार वर्षांचा असताना वडील आणि त्यांचे मित्र यांचा खेळ नुसता पाहून तो बुद्धिबळ शिकला. वडिलांनी घोडा नियमबाह्य चालवल्याचे या चिमुरड्याच्या ध्यानात आले, त्याने ते हसत हसत बोलून दाखवले आणि मग पटावर बसून वडिलांना हरवलेही. ही कथा त्याने स्वतःच पुढे सांगितली आणि ती जगभर पसरली.

त्याहून अधिक बोलकी घटना १९०१ सालची आहे. तेरा वर्षांच्या उंबरठ्यावरील या मुलाचा सामना क्युबाचा विजेता हुआन कोर्सो याच्याशी ठरला. कोर्सोला खेळाच्या आरंभीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान भरपूर होते, तर मुलापाशी ते जवळपास नव्हतेच. पहिले दोन्ही डाव त्याने गमावले. तिसऱ्या डावात बरोबरी झाली आणि त्या डावातच त्याला प्रतिस्पर्ध्याची मर्मस्थाने दिसू लागली. तेथून पुढे त्याने सामना फिरवला आणि अखेरीस जिंकलाही. डाव सोडणे आणि सामना सोडणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, हे त्या वयात तो शब्दांत मांडू शकला नसेल, पण पटावर त्याने ते करून दाखवले होते.

१९०५ साली न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन चेस क्लबात त्याचा प्रवेश झाला आणि १९०६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात रसायन अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी त्याने नाव घातले. शिक्षण अर्धवट राहिले. बेसबॉल आणि बुद्धिबळ यांपैकी दुसऱ्याने त्याला कायमचे बांधून घेतले. १९०९ मध्ये त्याने अमेरिकेचा नामांकित खेळाडू फ्रँक मार्शल याला सामन्यात ८ विजय, १ पराभव आणि १४ बरोबऱ्या अशा फरकाने नमवले, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. १९११ च्या सॅन सेबॅस्टियन स्पर्धेत या नवख्याला प्रवेश देण्यास ओसिप बर्नस्टाइन याने हरकत घेतली होती. कॅपाब्लांकाने पहिल्याच फेरीत बर्नस्टाइनला हरवले आणि स्पर्धाही जिंकली. १९१३ साली क्युबाच्या परराष्ट्र खात्याने त्याला नोकरीत घेतले. देशोदेशी हिंडून क्युबाचे नाव उजळावे, एवढीच त्याच्याकडून मुख्य अपेक्षा होती.

त्याच्या खेळात आतषबाजी नव्हती. मोहऱ्यांची अदलाबदल करीत स्थिती साधी करत न्यावी, एखादे प्यादे किंवा एखादे घर एवढीच वरचढ बाजू घ्यावी आणि ती शेवटपर्यंत निसटू देऊ नये, ही त्याची रीत. अखेरच्या टप्प्यात, पटावर थोडेच मोहरे उरले असताना, त्याच्या तोडीचा खेळाडू त्या काळात नव्हता. डाव कोठे चालला आहे, हे त्याला इतरांच्या बरेच आधी दिसे. डाव केव्हा सोडावा, हा प्रश्न त्यामुळेच त्याच्या बाबतीत अधिक सूक्ष्म होतो. ज्याला आपला विजय लवकर दिसतो, त्याला आपला पराभवही लवकर दिसणारच.

सेंट पीटर्सबर्गचे दोन दिवस

१९१४ च्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेत प्राथमिक फेरीअखेर कॅपाब्लांका जगज्जेत्या इमॅन्युएल लास्करपेक्षा दीड गुणाने पुढे होता. अंतिम टप्प्यात १८ मे रोजी दोघांची गाठ पडली. कॅपाब्लांकाला बरोबरीही पुरेशी होती. लास्करने आरंभीच वजिरांची अदलाबदल करून वरकरणी निरुपद्रवी वाटणारा खेळ निवडला आणि हळूहळू प्रतिस्पर्ध्याचा श्वास कोंडत नेला. ४२ व्या चालीनंतर कॅपाब्लांकाने डाव सोडला. तो सोडण्याची वेळ अचूक होती. त्यापुढे बचावाला काही उरले नव्हते.

पण डाव सोडला, तरी तो मनातून गेला नाही. पाठोपाठच्या फेरीत सिगबर्ट टाराशविरुद्ध त्याच्या हातून आरंभीच ढोबळ चूक झाली आणि एक मोहरा गेला. या वेळी मात्र त्याने राजा आडवा केला नाही. मोहरा कमी असताना तो दीर्घ काळ झुंजत राहिला आणि तरीही हरला. लास्करने १३.५ गुणांसह पहिला क्रमांक पटकावला, तर कॅपाब्लांका १३ गुणांवर दुसरा राहिला. एका दिवशी वेळेवर सोडलेला डाव आणि लगेच पुढे अखेरपर्यंत लांबवलेला डाव, दोहोंचे मोल शेवटी सारखेच, म्हणजे शून्य ठरले. असे असले तरी या दोन डावांतील फरक महत्त्वाचा आहे. पहिल्यात प्रतिस्पर्ध्याने त्याला रीतसर हरवले होते, तर दुसऱ्यात तो स्वतःच्या चुकीने घसरला होता. चूक करून बसलेल्या खेळाडूला समोरचाही चूक करील, अशी आशा वाटतच राहते.

लास्करचा राजीनामा

१० फेब्रुवारी १९१६ रोजी न्यू यॉर्कमध्ये कॅपाब्लांका ऑस्कर चाजेसकडून हरला. त्यानंतर मार्च १९२४ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, त्याने एकही गंभीर डाव गमावला नाही. त्या काळात तो ६३ डाव खेळला. त्यांतले ४० जिंकले आणि २३ बरोबरीत सुटले. या आठ वर्षांत डाव सोडण्याचा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नाही. तो आला त्याच्या प्रतिस्पर्ध्यांपुढे आणि त्यांतला सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी होता लास्कर.

१८९४ पासून जगज्जेतेपद भूषवणाऱ्या लास्करने जून १९२० मध्ये पत्राद्वारे आपले पद कॅपाब्लांकाला देऊन टाकले. पटावर एकही चाल झालेली नसताना दिलेला हा राजीनामा बुद्धिबळाच्या इतिहासात विलक्षण म्हणावा असा आहे. बिनझुंजीचा मुकुट कॅपाब्लांकालाही नको होता. अखेर मार्च १९२१ मध्ये हवानात सामना सुरू झाला, तेव्हा लास्कर स्वतःला जगज्जेता न मानता आव्हानवीर मानून पटावर बसला.

सामना २४ डावांचा ठरला होता. हवानाचे उष्ण आणि दमट हवामान बावन्न वर्षांच्या लास्करला मानवले नाही. १४ डाव झाले तेव्हा कॅपाब्लांकाचे चार विजय आणि दहा बरोबऱ्या होत्या. लास्करच्या नावावर एकही विजय नव्हता. अजून दहा डाव शिल्लक होते आणि कागदोपत्री चारची पिछाडी भरून निघणे अशक्य नव्हते. तरीही एप्रिलअखेर लास्करने सामना सोडला. एका डावात मोहऱ्यांची स्थिती पाहून जो हिशेब करावा लागतो, तोच त्याने संपूर्ण सामन्याच्या बाबतीत केला. उरलेली शक्ती, प्रकृती, हवामान आणि समोरच्याची अचूकता एका पारड्यात ठेवली, तर दुसऱ्या पारड्यात केवळ अंकगणित उरत होते. पुढच्या घडामोडींनी त्याचा हिशेब खरा ठरवला. १९२४ च्या न्यू यॉर्क स्पर्धेत पंचावन्न वर्षांचा लास्कर २० पैकी १६ गुण मिळवून पहिला आला आणि जगज्जेता कॅपाब्लांका १४.५ गुणांसह दुसरा राहिला. योग्य वेळी सोडलेल्या सामन्याने लास्करचा खेळ संपला नव्हता, उलट तो राखला गेला होता.

याच न्यू यॉर्क स्पर्धेत कॅपाब्लांकाची आठ वर्षांची अपराजित मालिका संपली. रिचर्ड रेटीने नव्या पद्धतीच्या, दुरून दबाव आणणाऱ्या खेळाने त्याला कोंडीत पकडले. ३१ व्या चालीवर, पटावर दोन्ही वजीर उभे असतानाच, कॅपाब्लांकाने डाव सोडला. आठ वर्षांचा विक्रम पणाला लागलेला असताना दुसऱ्या एखाद्याने आणखी वीस चाली लांबण लावली असती. कॅपाब्लांकाने तसे केले नाही. पुढे काय होणार हे त्याला दिसले होते आणि ते रेटीलाही दिसले आहे, याची त्याला खात्री होती. संपूर्ण स्पर्धेत त्याने गमावलेला हा एकमेव डाव.

ब्युनॉस आयर्सचे पत्र

१९२२ साली कॅपाब्लांकाच्या पुढाकाराने जगज्जेतेपदाच्या सामन्याचे नियम लंडनमध्ये ठरवण्यात आले. त्यांनुसार सहा डाव प्रथम जिंकणारा विजेता ठरणार होता, बरोबरीचे डाव मोजले जाणार नव्हते आणि आव्हानवीराला १० हजार डॉलरची रक्कम उभी करावी लागणार होती. ही रक्कम उभी करून १९२७ मध्ये पुढे आला तो रशियात जन्मलेला आणि फ्रान्समध्ये स्थायिक झालेला अलेक्झांडर अलेखिन. तोपर्यंत त्याने कॅपाब्लांकाला एकदाही हरवलेले नव्हते. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या स्पर्धेत कॅपाब्लांका त्याच्यापेक्षा अडीच गुण पुढे राहून पहिला आला होता. सामन्याचा निकाल जवळपास सर्वांनी गृहीत धरला होता.

१६ सप्टेंबर १९२७ रोजी ब्युनॉस आयर्समध्ये सामना सुरू झाला आणि पहिलाच डाव अलेखिनने जिंकला. तिसरा आणि सातवा डाव जिंकून कॅपाब्लांका पुढे गेला. अकरावा आणि बारावा डाव जिंकून अलेखिनने पुन्हा आघाडी घेतली. बरोबऱ्यांच्या लांबच लांब रांगांमध्ये मधूनच एखादा विजय, असे अडीच महिने चालले. एकविसावा डाव अलेखिनचा, एकोणतिसावा कॅपाब्लांकाचा आणि बत्तिसावा पुन्हा अलेखिनचा. आता गुणफलक ५ विरुद्ध ३ असा होता आणि अलेखिनला एकच विजय हवा होता.

२६ नोव्हेंबरला सुरू झालेला चौतिसावा डाव एका दिवसात संपला नाही. त्या काळी ठरलेल्या तासांनंतर डाव तहकूब होई, पुढची चाल बंद लिफाफ्यात ठेवली जाई आणि दोघेही रात्रभर आपापल्या खोलीत त्या स्थितीचे विश्लेषण करीत. या डावात हत्तींची अखेर उद्भवली होती. अलेखिनपाशी पटाच्या एका टोकाला मोकळे पुढे जाऊ शकणारे जादा प्यादे होते. कॅपाब्लांकाने चिवट बचाव केला. ते प्यादे थोपवायला त्याचा हत्ती आणि राजा गुंतले, तेवढ्यात अलेखिनचा राजा पटाच्या दुसऱ्या बाजूस असलेल्या प्याद्यांच्या रोखाने आत शिरला. ८२ चालींनंतर डाव पुन्हा तहकूब झाला.

२९ नोव्हेंबरला तो पुढे सुरू व्हायचा होता. कॅपाब्लांका आलाच नाही. आले ते त्याचे फ्रेंच भाषेतील पत्र. त्यात त्याने डाव सोडत असल्याचे कळवले होते, जगज्जेतेपदाबद्दल अलेखिनचे अभिनंदन केले होते आणि त्याच्या पत्नीलाही आपल्या शुभेच्छा कळवल्या होत्या. एकूण ३४ डावांत अलेखिनचे ६ विजय, कॅपाब्लांकाचे ३ आणि २५ बरोबऱ्या. मुकुट गेला, तोही एका लिफाफ्यातून.

या पत्राची दोन वाचने करता येतात. जगज्जेतेपद गमावताना समोर येऊन हात मिळवण्याचे धैर्य दाखवायला हवे होते, असे म्हणता येईल. दुसरी बाजूही तितकीच बळकट आहे. हत्तींच्या अखेरीचे मर्म सर्वांहून अधिक जाणणाऱ्या या खेळाडूला आपल्या स्थितीत काय उरले आहे, याचे गणित रात्रीच उलगडले असणार. पटाशी बसून आणखी दोन तास मोहरे हलवत राहण्याने निकाल बदलणार नव्हता. अलेखिनसारखा खेळाडू, हातात जगज्जेतेपद आणि विश्लेषणासाठी मिळालेली अख्खी रात्र, अशा अवस्थेत त्याच्याकडून चुकीची अपेक्षा करणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होती. ८२ चाली झुंजून मग सोडलेल्या डावाला कोणी अवेळी सोडलेला डाव म्हणणार नाही.

अर्ध्या गुणाची किंमत

डाव सोडण्यात इतकी अचूकता दाखवणारा हाच खेळाडू दोनच वर्षांनी अगदी वेगळा वागला. १९२९ च्या कार्ल्सबाड स्पर्धेत फ्रिट्झ झेमिशविरुद्ध काळे मोहरे घेऊन खेळताना नवव्याच चालीत त्याने उंट चुकीच्या घरी ठेवला. झेमिशच्या वजिराच्या एकाच चालीने दोन मोहऱ्यांवर एकदम रोख धरला आणि त्यांतला एक जाणार, हे उघड झाले. अशी चूक साध्या क्लबातल्या खेळाडूलाही लाजवणारी. जगातील कोणताही उस्ताद येथे डाव सोडून उठला असता, तर कोणी त्याला दोष दिला नसता. कॅपाब्लांका उठला नाही. एक मोहरा कमी असताना तो आणखी पन्नासहून अधिक चाली खेळला आणि ६२ व्या चालीवर थांबला.

स्पर्धेचा अंतिम तक्ता पाहिला की या हट्टामागचा अर्थ उमगतो. आरोन निमझोविच १५ गुणांसह पहिला आला. कॅपाब्लांका आणि रुडॉल्फ स्पिलमन १४.५ गुणांसह संयुक्त दुसरे राहिले. झेमिशविरुद्ध अर्धा गुण मिळाला असता, तर कॅपाब्लांका निमझोविचच्या बरोबरीने पहिल्या क्रमांकावर असता. त्या काळात तो अलेखिनशी फेरसामना व्हावा म्हणून धडपडत होता आणि प्रत्येक स्पर्धेतील पहिला क्रमांक हा त्या मागणीचा आधार होता. अर्ध्या गुणाची किंमत एवढी असेल, तर हरलेल्या डावातही शेवटचे प्यादे उरेपर्यंत बसणे शहाणपणाचे ठरते. डाव केव्हा सोडावा, याचे उत्तर केवळ पटावरच्या मोहऱ्यांत नसते. ते स्पर्धेच्या तक्त्यात, घड्याळात आणि समोर बसलेल्या माणसातही असते.

भारतीय वाचकांना कॅपाब्लांकाच्या पराभवांपैकी एक विशेष जवळचा वाटावा. सर उमर हयात खान यांच्याबरोबर १९२९ मध्ये इंग्लंडला गेलेला पंजाबचा मीर सुलतान खान हा भारतीय पद्धतीचे बुद्धिबळ खेळत वाढलेला खेळाडू. पाश्चात्त्य नियमांची ओळख त्याला उशिरा झाली, तरी त्याच वर्षी तो ब्रिटिश विजेता झाला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कॅपाब्लांकाला ६५ चालींत हरवले. त्यात चमत्कृती कोठे नव्हती. जागा काबीज करत, प्रतिस्पर्ध्याच्या मोहऱ्यांना हलायला घर उरू न देता, कॅपाब्लांकाच्याच शैलीने त्याने कॅपाब्लांकाला कोंडले. या डावातही कॅपाब्लांका बराच वेळ टिकून राहिला. सुलतान खानाला मरणोत्तर ग्रँडमास्टर हा सन्माननीय किताब आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२४ मध्ये दिला.

न सोडलेला सामना

अलेखिनशी फेरसामना मात्र झाला नाही. लंडन नियमांतील १० हजार डॉलरची अट, जी एकेकाळी कॅपाब्लांकाच्याच आग्रहाने आली होती, ती आता त्याच्याच वाटेत उभी राहिली. १९२९ च्या जागतिक मंदीने ती रक्कम उभी करणे आणखी कठीण झाले. अलेखिनने १९२९ आणि १९३४ मध्ये बोगोल्युबोव्हशी सामने खेळले, १९३५ मध्ये मॅक्स युवेकडून तो हरला आणि १९३७ मध्ये त्याने पद परत मिळवले. कॅपाब्लांकाची पाळी आलीच नाही. दोघांमधला विसंवाद इतका वाढला, की वर्षानुवर्षे ते एकाच स्पर्धेत दिसेनासे झाले.

चौतिसावा डाव पत्राने सोडणाऱ्या कॅपाब्लांकाने तो सामना मनातून कधीच सोडला नाही. १९३६ साल त्याचे होते. मॉस्को स्पर्धेत १८ पैकी १३ गुण मिळवून, तरुण मिखाईल बोट्विनिकला एका गुणाने मागे टाकत, तो पहिला आला. त्यानंतर नॉटिंगहॅमला बोट्विनिकसह संयुक्त पहिला क्रमांक त्याने मिळवला आणि तेथे, १९२७ नंतरच्या पहिल्याच भेटीत, अलेखिनला हरवले. त्या डावात हार मान्य करण्याची पाळी अलेखिनवर आली होती. नऊ वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला एवढेच समाधान लाभले.

१९३८ मध्ये हॉलंडमध्ये झालेल्या ॲव्हरो स्पर्धेत आठ खेळाडूंत तो सातवा आला. अशी घसरण त्याच्या वाट्याला पूर्वी कधी आली नव्हती. रक्तदाबाने त्याला पोखरले होते. १९३९ च्या ब्युनॉस आयर्स ऑलिम्पियाडमध्ये, ज्या शहरात मुकुट गेला त्याच शहरात, क्युबासाठी पहिल्या पटावर खेळताना त्याने सर्वोत्तम कामगिरीचे पारितोषिक पटकावले. अलेखिन त्याच्या मागे राहिला. त्या स्पर्धेच्या काळातच युरोपात महायुद्ध पेटले आणि फेरसामन्याची उरलीसुरली आशाही विझली.

७ मार्च १९४२ च्या संध्याकाळी, जेथे त्याने तरुणपणी नाव कमावले त्या मॅनहॅटन चेस क्लबात, दुसऱ्यांचा खेळ पाहत असताना तो कोसळला. माउंट सायनाय रुग्णालयात दुसऱ्या दिवशी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचे निधन झाले. वय होते ५३. चौदा महिन्यांपूर्वी, जानेवारी १९४१ मध्ये, लास्करनेही याच रुग्णालयात अखेरचा श्वास घेतला होता. हवानाच्या कोलोन दफनभूमीत त्याचे अंत्यसंस्कार झाले. तेथे त्याच्या समाधीवर संगमरवरी राजा उभा आहे. अलेखिन १९४६ मध्ये पोर्तुगालमध्ये वारला, तेव्हाही जगज्जेतेपद त्याच्याकडेच होते.

संगणकाच्या युगात

तहकूब डावांची आणि बंद लिफाफ्यांची प्रथा १९९० च्या दशकात मोठ्या स्पर्धांतून मागे पडली. संगणकांमुळे रात्रभराच्या विश्लेषणाला अर्थ उरला नाही. आता घरबसल्या डाव पाहणाऱ्या प्रेक्षकाला पडद्यावरचा आकडा क्षणोक्षणी सांगतो की कोण किती पुढे आहे. पटावर बसलेल्या खेळाडूला मात्र तो आकडा दिसत नाही. १९९७ मध्ये डीप ब्लू संगणकाविरुद्धच्या सामन्यातील दुसऱ्या डावात गॅरी कास्पारोव्हने पराभव मान्य केला आणि नंतर सिद्ध झाले, की सततचे शह देऊन तो डाव त्याला बरोबरीत सोडवता आला असता. यंत्राकडून चूक होणारच नाही, या समजुतीने त्याच्या हातून तो अर्धा गुण गेला. मार्कोपासून कास्पारोव्हपर्यंत पंचाण्णव वर्षे लोटली, तरी ही चूक तशीच राहिली. बुद्धिबळाचे नियमही या बाबतीत कठोर आहेत. एकदा पराभव मान्य केला की डाव तत्काळ संपतो, तो परत मागता येत नाही.

कॅपाब्लांकाच्या पराभवांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांतून काही निकष हाती लागतात. प्रतिस्पर्ध्याच्या जागी आपण बसलो असतो, तर हा डाव झोपेतही जिंकला असता, अशी खात्री पटावी. तो प्रतिस्पर्धीही तेवढाच जाणकार आहे, त्याच्या घड्याळात वेळ आहे, याचीही खात्री पटावी. आणि त्या अर्ध्या गुणाच्या अभावी आपले पुढचे काही अडणार नाही, हे दिसावे. तिन्ही गोष्टी जुळल्या की रेटीसमोर उठला तसे एकतिसाव्या चालीवर उठावे. एक जरी जुळली नाही, तर झेमिशसमोर बसला तसे बासष्टाव्या चालीपर्यंत बसावे, हरणार हे बव्हंशी ठाऊक असतानाही.

१९६२ पासून क्युबात कॅपाब्लांकाच्या नावे स्मृती स्पर्धा सुरू झाली. त्याच्या ग्रंथांनी आणि डावांनी अनेक पिढ्यांना अखेरचा टप्पा शिकवला. खेळाच्या अभ्यासाची सुरुवात शेवटापासून करावी, थोड्या मोहऱ्यांच्या स्थिती प्रथम समजून घ्याव्यात, असा त्याचा आग्रह असे. त्यामागचे कारण बहुधा जिंकण्याच्या दृष्टीने सांगितले जाते. पण कोणता शेवट जिंकलेला आणि कोणता वाचण्यासारखा, हे ज्याला नेमके ठाऊक असते, त्यालाच हार केव्हा मानावी आणि केव्हा मानू नये, हेही ठाऊक असते.